विचारून येतो

बाबा,

सावली गावातल्या आपल्या वस्तीत तुम्ही मला पहिल्यांदा स्टुलावर उभं केलंत, तेव्हा मी खाली मान घालून उभी होते. "माय, मान वर कर," तुम्ही म्हणालात, "आपले आजे मान खाली घालून उभे राह्यले, म्हणून तू लोकायच्या डोळ्यात पाहून बोल." आपल्या घरात पुढारी म्हणजे उठून उभा राहणारा, आवाज न कापू देता चारचौघांत बोलणारा. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या तोंड उघडू दिलं नाही, त्यांना याहून वेगळा पुढारी कसा आवडावा? तो धडा घेऊन मी गावोगाव बोलत फिरले. आजही मला तो खोटा वाटत नाही.

यंदा मोहफुलांच्या दिवसांत भामरागडकडच्या एका गावात सभेला बसले होते. तिथला नाला पावसाळ्यात भरला की पलीकडचा टोला, गावाचीच छोटी वस्ती, गावापासून तुटतो, आणि आता कुठे त्यावर पूल होण्याची चिन्हं होती. पुलासाठी गावाचा होकार घ्यायला आलेला सरकारी साहेब खुर्चीवर बसलाय. गावानं निवडलेली ग्रामसभेची अध्यक्ष मात्र खाली, बायांच्या घोळक्यात. तिच्यासाठी आणलेल्या खुर्चीवर कुणीतरी टोपली ठेवली आहे. साहेब म्हणतो, "हो म्हणा, मी आजच वर कळवतो. नाहीतर पूल दुसऱ्या गावाला जाईल."

"पुलाचा रस्ता टोल्यावरच्या लोकायच्या धानाच्या बांध्यातून, त्याहिच्या शेतातून जाते," ती म्हणते. "ते मोहफुलं वेचाले गेलेत. विचारून येतो."

"सगळं विचारूनच करायचं, तर तुम्ही पुढारी कशाला झालात?"

"विचारून याले, साहेब."

बाया खुदकन हसल्या. साहेब चिडला. "आणि पूल गेला तर?"

"पूल त्याहिच्यासाठीच होय ना? मग त्याहिले न विचारता कसा बांधता?"

साहेब माझ्याकडे वळला. "मॅडम, तुम्हीच समजवा यांना. तुमचं भाषण ऐकलंय मी." बाबा, पूल हातचा जात होता, आणि शब्द तर जिभेवर तयारच होते. थोडा वेळ बोलले असते तर अख्ख्या सभेकडून होकार काढला असता. माझा हात जमिनीवर टेकलाही होता, उठण्यासाठी.

तेवढ्यात आपलं स्वयंपाकघर आठवलं. आई भाताची पेज काढते आहे आणि तुम्ही चुलीपाशी उकिडवे बसून उद्याचं भाषण तिला ऐकवता आहात. वस्तीतल्या एका दारुड्यावरचा तुमचा तो जळजळीत भाग येतो आणि आई पळी थांबवते. "हे काऊन बोलता? तो समोरच बसन. त्याची बायको बायांमंदी बसन. तिनं कुठी पाहावं?" "मग कसं बोलू?" तुम्ही तिलाच विचारलंत. दुसऱ्या दिवशी मी कान देऊन ऐकलं. ते वाक्य आलं नाही. लोकांनी तुमचं उभं राहणं पाहिलं, त्यावर जीव टाकला. तुमचं ते चुलीपाशी बसून विचारणं कुणी पाहिलंच नाही, आणि दाखवण्यासारखं काही असतं त्यात, असं आपल्याकडे कुणाला वाटलंही नाही. त्या गावात मात्र तेवढंच पाहून पुढारी निवडतात.

मी उठले नाही. "त्या सांगतील तेच," एवढंच म्हणाले. साहेबाची जीप धूळ उडवत गेली. टोल्यावरचे लोक परतले, बसले, बोलले, आणि रस्ता एका बांधीपुरता वळवून हो म्हणाले. तो होकार घेऊन अध्यक्षबाई आणि मी, आम्ही दोघी साहेबाकडे गेलो. तो म्हणाला, "बघू." पाऊस आता जवळ आलाय आणि पुलाचा पत्ता नाही. तरी गावात तिला कुणी बोल लावलेला नाही.

तुम्ही त्या दिवशी उठला असतात का, हे मला विचारायचं होतं. पण उत्तर येणार नाही अशा ठिकाणी कागद कसा धाडायचा? शिवाय एक सांगायचं राहिलं. त्यानंतर मी कितीतरी सभांमधून बोलले, पण ही गोष्ट अजून एकीतही सांगितलेली नाही. टाळ्या पडतील अशा जागा तिच्यात पुष्कळ आहेत, बाबा. त्यातली एकही माझी नाही; ती त्या गावाची, त्यांना न विचारता कशी सांगू?