आमचा निळा पंप

तीर्थरूप मामांस,

तळघरातून साष्टांग नमस्कार. (फरशी ओली असल्यामुळे प्रत्यक्ष घातलेला नाही, पण भाव तोच.) तुमचे गुडघे काय म्हणतात? मामीचा आवाज अजून दोन घरं पलीकडे ऐकू जातो ना? म्हणजे तब्येत उत्तम आहे असं समजतो. आम्ही इकडे खुशाल आहोत, आणि मी तर सध्या जरा जास्तच.

त्याचं कारण असं की वृद्धाश्रमाचा जुना पंप, जो तुम्ही जन्मभर पोटच्या पोरासारखा सांभाळलात, तो अखेर गेला आणि नवा निवडायचं काम माझ्यावर आलं. व्यवस्थापिका बाई नव्या आहेत. वाफ वर जाऊन खोल्या गरम करते, तिचं पाणी होऊन ते खाली टाकीत परत येतं आणि ते पुन्हा बॉयलरमध्ये ढकलायला पंप लागतो, हे मी त्यांना तीनदा समजावलं. तिसऱ्यांदा त्या म्हणाल्या, "कळलं हो मला. चालेल का, ते सांगा." शनिवारपर्यंत खोल्या गरम झाल्या नाहीत तर बॉयलर भंगारात आणि खोलीखोलीत विजेचे हीटर, असं त्यांनी बजावलं आहे. मी नुसता हसलो. मामांचा भाचा जिवंत असताना भंगार?

पंप निवडणं म्हणजे स्थळ बघण्यासारखं असतं. दुसरा कोणी पहिलाच पंप उचलून आला असता. मी सगळे पाहिले. उंची पाहिली, वजन पाहिलं, रंग पाहिला. (निळा. आपला जुना करडा होता, त्याच्या तोंडावर काही तेज नव्हतं.) दुकानदार मात्र नको तितका चौकस. पाणी किती परत येतं, टाकी पंपाच्या किती वर आहे, पाणी किती गरम असतं, असले प्रश्न. मी म्हटलं, "अहो, आमच्या घराण्यात बॉयलर आहे!" त्यावर त्याने पावतीपुस्तकच पुढे ओढलं. मग मी दुकानातला सगळ्यात दांडगा पंप घेतला. हा पाणी गच्चीपार उडवू शकतो. (बॉयलर त्याच खोलीत चार पावलांवर आहे, हे मला माहीत आहे. पण अंगात ताकद असलेली बरी.)

आणि चालू केल्यावर काय आवाज, मामा! जात्यात खडे दळावेत तसा. मफलरवाले आजोबा (तुमच्याशी बुद्धिबळात रडीचा डाव खेळायचे तेच) वरून ओरडले, "पंप आणलास की खडी फोडायचं यंत्र?" एवढं लक्ष जुन्या पंपाकडे त्यांनी कधी दिलं नव्हतं. गंमत म्हणजे गार पाण्यावर हाच पंप गाईसारखा गरीब असतो. परत आलेलं पाणी जवळजवळ उकळतं. पंपाने ते ओढलं की त्याच्या तोंडातच त्याची वाफ होते आणि बॉयलरच्या वाट्याला घोटभर पाणी येत नाही. हे मी स्वतः शोधून काढलं. (पंपाबरोबरच्या पुस्तिकेत पहिल्याच पानावर आहे, पण ती मी नंतर उघडली.) म्हणजे दोष पंपाचा नाही, पाण्याचा आहे, ते फार गरम येतं. बाईंना तसं सांगितलं, तर त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. छाप पडली असावी.

निरोपाच्या दिवशी तुम्ही माझ्या कानात म्हणाला होतात, "टाकी उंच ठेव, पंप आपोआप सुधारतो." सगळे डोळे पुसत होते, त्यामुळे मला वाटलं तुम्ही आयुष्याबद्दल बोलताय. मी ते वाक्य सुबक अक्षरात लिहून घरी फ्रेम करून लावलं. काल त्याखाली चहा पिताना लक्षात आलं की ते टाकीबद्दलच होतं. पाण्याचा भार डोक्यावर असला की पंपाच्या तोंडात वाफ धरत नाही, इतकं साधं. तेव्हा आता मजबूत लोखंडी घोडा करून टाकी वर चढवतो आहे. काळजी नसावी, सगळं माझ्या हातात आहे. मामीस नमस्कार.

तुमचा,
आश्रमाचा मुख्य (आणि एकुलता एक) बॉयलरवाला भाचा

ता. क. टाकी नेमकी किती वर हवी, हे सहज आठवत असेल तर कळवावे. मला माहीत आहेच, फक्त ताळा करायचा आहे.

ता. क. दुसरा. कळवू नका, याच. शनिवारच्या आत. भाच्याला भेटायला आलोय, असं बाईंना सांगा. त्यांच्यासमोर बोलेन मी. चुकलो की तुम्ही खोकायचं. (खोकला पुष्कळ येईल, खडीसाखर आणून ठेवली आहे.) खरं सांगतो मामा, तुमचा बॉयलर भंगाराच्या गाडीत चढताना मला बघवणार नाही. जिन्याची काळजी करू नका. मी लहान असताना तुम्ही मला याच जिन्याने पाठुंगळी घेऊन उतरायचात, आता मी तुम्हाला नेतो. फिटंफाट होईल.

ता. क. तिसरा. खाली बसायची सोय आहे. बॉयलरशेजारची तुमची खुर्ची होती तिथेच आहे. तुम्ही गेल्यापासून तिच्यावर मी कुणाला बसू दिलेलं नाही. मीही बसत नाही, दिवसभर उभ्यानेच काम करतो. बाईंना वाटतं, माझी पाठ धरली आहे. तेव्हा पाठुंगळीचं त्यांना सांगू नका.