नळीच्या तोंडावर फोडलेला नारळ

धारगळ, सोमवार सकाळ

तीर्थरूप दादास, धाकट्या कमलाक्षीचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार (गुडघे वाकत नाहीत, म्हणून पत्रातच ठेवते).

तुझा खोकला कसा आहे? वहिनींना आता डोळ्याने स्वच्छ दिसतं ना? फोनवर तू "हां, हां" म्हणून ठेवून देतोस, म्हणून हे पत्र. दहाच्या बसवर सुदेश कंडक्टर आहे, तो साखळीला तुझ्या घरी आणून देईल.

आमची सिद्धी इथल्या वर्कशॉपमध्ये काय करते हे मी तुला तीनदा सांगितलंय, आणि तिन्ही वेळा चुकीचं. आता नीट ऐक. धुरातला कार्बन डायऑक्साइड दाबून पाण्यासारखा पातळ करायचा आणि नळीने समुद्रात तीन किलोमीटर खाली सोडायचा. तिथे तो पाण्याहून जड होतो आणि तळाशी पडून राहतो म्हणे. त्या नळीच्या जोडाची पोलादी चकती सिद्धीने आखली आहे. गुरुवारी ती चकती चाचणीच्या बोटीवर चढायची आहे. मी विचारलं, "आणि माशांक कोणी विचारलां गो?" तर म्हणाली, "आई, तेच बघूक जातंव. वायट दिसला तर नाका म्हणून सांगू." दादा, तू जन्मभर खाणीची यंत्रं दुरुस्त केलीस. आपल्या लोकांनी डोंगर उकरून बोटी भरल्या. आणि आता घरचीच पोर काहीतरी परत खाली ठेवायला निघाली आहे. ते खाली राहील का, राहिलेलं बरं का, मला कळत नाही. पण "नको" म्हणायची तयारी ठेवून निघालेलं माणूस मी पहिल्यांदाच बघितलं.

तर शनिवारी वर्कशॉपमध्येच देवाला गाऱ्हाणं घातलं. (गाऱ्हाण्याशिवाय आपल्याकडे नवी स्कूटरसुद्धा वेशीबाहेर जात नाही.) बाबली गावकर हात जोडून म्हणाला, "बा देवा म्हाराजा, ह्या चेडवाची नळी दर्यात जाता, तिका खंयच्याय माशान तोंड लावूक नये!" आणि हेल्मेट घातलेले सगळे इंजिनियर ओरडले, "व्हय म्हाराजा!" पुढे नारळ. वर्कशॉपची जमीन आरशासारखी, दगड कुठेच नाही. सिद्धी फोनवर, बाकीचे पेढ्यांपाशी. समोर फळीवर छान जड, गोल चकती दिसली. मी तिच्यावर नारळ ठेवला आणि कोयता मारला. नारळ एका घावात फुटला. (हात अजून शाबूत आहे, एवढंच त्यातलं चांगलं.)

कोयत्याचं टोक चकतीलाही लागलं. केसाएवढा ओरखडा. पण त्या खोलीवर केसातूनही गळती होते. संध्याकाळी तो सापडला आणि साहेबांनी सगुणला धरलं. सगुण म्हणजे तिथला टर्नर, सावंतवाडीकडचा, चकतीला शेवटचा हात त्याचा. गुरुवारपर्यंत ओरखडा गेला नाही तर त्याने घरी जायचं. तो बिचारा वाद न घालता एवढंच म्हणाला, "हातान घासून जायत ह्या. पण तसो हात आता कोणाचो रवलो?"

आणि नारळ कशावर फोडला ते मी अजून कोणाला सांगितलेलं नाही. शाळेत ख्रिस्ती मुली कुमसाराला जायच्या, पाद्रीच्या खिडकीशी पापं सांगून हलक्या होऊन बाहेर यायच्या. आम्ही हिंदू मुली बाहेर चिंचा खात उभ्या. आमच्यासाठी ती खिडकी नव्हती. सिद्धीच्या तोंडावर सांगायला जाते आणि विचारते, चहा देऊ का. काल तिने पाच चहा घेतले. तूच सांग, काय करू?

तुझी,
कमलाक्षी

ता. क. सल्ला नको. उद्या सकाळच्या बसने तूच ये. तुझ्या पलंगाखालची ओरखडे घासायची प्लेट आणि ती बारीक पेस्ट आण. खाण बंद झाल्यापासून हत्यारांना हात लावणार नाही म्हणालास, ते मला आठवतं. तरी ये.

पुन्हा ता. क. खरं सांगू? पाकीट मी अजून चिकटवलेलं नाही. सिद्धी उंडा पाव आणि चहा घेऊन जिथे बसते, तिथेच मेजावर पत्र उघडं ठेवून मी विहिरीकडे जाते आहे; परत आले की चिकटवून बसवर देते. तुला मिळेल तेव्हा कागदावर चहाचा डाग असेल, तर तिने वाचलं समज. नसेल, तर उद्या आलास की तूच तिला वाचून दाखव. मी चहा ठेवते.