माझ्या नावानं लावलेली नोटीस

ता. ११, सोमवार

प्रिय दादा,

नमस्कार. मी बरी आहे. तुझा गुडघा आणि वहिनीचा खोकला आता उतारावर असेल. तू पहिल्या मजल्यावर, मी तिसऱ्यावर. दोन जिन्यांसाठी पत्र कशाला, असं म्हणशील. पण समोरासमोर बसलो की तू माझा डावा हात हातात घेतोस, तुझे डोळे भरून येतात आणि माझं बोलायचं राहून जातं. म्हणून हे वहिनीच्या हाती पाठवतेय.

दुकानात मालकांनी मला पुन्हा फ्रेमच्या टेबलावर बसवलंय. परवा एका चष्म्याच्या दांडीचा स्क्रू मी स्वतः बसवला. तिळाएवढा असतो तो. तीनदा हातातून निसटला, तीनदा लोहचुंबक फिरवून फरशीवरून उचलला, चौथ्यांदा बसला. गिऱ्हाईक बिचारं सारखं घड्याळ बघत होतं. समोर केवढी लढाई चाललीय, त्याला काय पत्ता!

बरं, आता मुद्द्याचं. शनिवारी कामावरून येताना खालच्या फळ्यावर नवी नोटीस दिसली. 'तळमजल्यावरील रिकाम्या खोल्या उपचार केंद्रासाठी मिळाव्यात, हा अर्ज इमारतीतील एका पीडित भगिनीच्या भावना व सर्वांची सुरक्षितता लक्षात घेऊन नामंजूर करण्यात येत आहे.' खाली अध्यक्ष म्हणून तुझी सही. ही भगिनी कोण, म्हणून मी दोनदा वाचलं. तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला.

सभेत तू काय बोललास, तेही चौथ्या मजल्यावरच्या मास्तरीणबाईंकडून कळलं. "माझ्या बहिणीची बोटं त्यांच्यातल्यांनी उडवली. आता रोज जिन्यात तिनं त्यांचीच तोंडं बघायची का?" एकीनं डोळे पुसले म्हणे.

दादा, माझी बोटं उडालेली नाहीत. दोन वाकत नाहीत, एक बधिर आहे. माझं दुःख चारचौघांत मांडायचंच होतं, तर निदान नीट बघून तरी मांडायचंस.

आणि ज्याचा हा अर्ज तू फेटाळलास, त्यानंच हा हात कामाला लावला. सगळे पेशंट त्याला हाताचे डॉक्टर म्हणतात आणि तो दर वेळी चिडून सांगतो, "मी डॉक्टर नाही, थेरपिस्ट आहे." चार महिने तू मला त्याच्याकडे न्यायचास. माझा हात त्याच्या हातात देऊन बाहेर बाकावर पेपर वाचत बसायचास. कपडे वाळत घालायचे चिमटे मी दोरीवर लावायची, काढायची, रडायची. तू आत डोकावून म्हणायचास, "रडली तरी सोडू नका हं तिला." तेव्हा भीती वाटली नाही तुला? तो मुसलमान आहे, हे तेव्हाही माहीत होतंच की. बहिणीचा हात त्याच्या ताब्यात द्यायला चालला. घराखालची खोली द्यायची वेळ आली, तेव्हाच सुरक्षितता आठवली?

तुला भीती नाहीच, असं मी म्हणत नाही. त्या दिवशी बस स्थानकात स्फोट झाला आणि मी सापडेना, तेव्हा तू इस्पितळाच्या तळघरातल्या शवागारात जाऊन दोन चादरी उचलून पाहिल्यास, हे वहिनीनं मला सांगितलंय. तू कधीच सांगितलं नाहीस. अजूनही मला उशीर झाला की तू फाटकात येऊन उभा राहतोस. ती भीती मला मान्य आहे. मलाही आहे. मागच्या महिन्यात दुकानात कुणी खुर्चीवर काळी बॅग विसरून गेलं. मी टेबलाखाली. मालकांनी उघडून दाखवली, आत उत्तरपत्रिकांचा गठ्ठा! मला हसू आलं नाही. अर्धा तास मी टेबलाखालून बाहेर आले नाही. पण माझ्या भीतीला आडनाव वाचता येत नाही रे. ती बॅगेला घाबरते, धाडदिशी आपटलेल्या शटरला घाबरते.

खरीच भीती असती तर तू कागद तपासले असतेस. त्यानं ओळखपत्र, परवाना, पोलिसांचा दाखला, आधीच्या घरमालकाचं पत्र, सगळं फायलीत लावून आणलं होतं. आणि दुसऱ्या मजल्यावर वर्षभर राहणारा तो जाड्या? त्याचा एक तरी कागद आहे तुझ्याकडे? "आपल्यातलाच आहे," म्हणालास आणि किल्ली दिलीस. तो काय काम करतो, हेसुद्धा कुणाला ठाऊक नाही. ही कुठली सुरक्षितता?

'त्यांच्यातले' म्हणे! बॉम्ब ठेवणाऱ्या तिघांना मी कोर्टात पाहिलंय. साक्षीच्या पिंजऱ्यात उभी होते मी, तू नाही. त्या तिघांतला एक छाती काढून म्हणाला, मी हे धर्मासाठी केलं आणि पुन्हा करीन. त्याला मी कधीच माफ करणार नाही. त्याला हे शिकवणाऱ्यांना, त्याला आसरा देणाऱ्यांना, मनातल्या मनात टाळ्या वाजवणाऱ्यांनाही नाही. असल्या माणसांवर पोलिसांनी डोळ्यांत तेल घालून नजर ठेवावी, असं मला तुझ्याइतकंच वाटतं. पण तो राग माझा आहे, दादा, आणि तो कुणावर आहे, हे मला पक्कं माहीत आहे. तो उचलून तू दिसेल त्या मुसलमानाच्या दारावर नेऊन आपटलास. मला न विचारता.

'न विचारता' असं लिहिलं खरं. आता पेन पुढे सरकत नाही.

तू विचारलं होतंस. सभेच्या आदल्या दिवशी, जेवताना. "खाली तो आला तर चालेल का गं तुला?" ताटातून मान वर न करता मी म्हटलं, "तू ठरवशील तसं." तू काय ठरवशील, हे मला माहीत होतं. आणि क्षणभर मला सुटल्यासारखं वाटलं होतं. हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही.

त्याच्याही आधीचं सांगते. इस्पितळात नर्सबाईंनी त्याचं नाव सांगितलं, तेव्हा मी हात चादरीखाली ओढून घेतला आणि विचारलं, "दुसरं कुणी नाही का?" तो दारातच उभा होता. म्हणाला, "आहेत एक बाई, पण त्या परवा येतील. तोवर बोटं आखडतील. आज मी करतो, परवापासून तुमचं तुम्ही ठरवा." परवाचा दिवस उजाडला आणि मी त्या बाईंना बोलावलं नाही. तो आला, मी हात पुढे केला. माझ्या त्या प्रश्नाबद्दल ना मी काही बोलले, ना तो. माझी भीती आडनाव वाचत नाही, असं वर मोठ्या तोऱ्यात लिहिलंय ना? त्या दिवशी तिनं ते नीट वाचलं होतं. ती भीती नव्हतीच म्हणा. जे होतं, तेच तुझ्या सभेतही होतं.

आज दुपारी सुट्टी काढून, जिना चढून त्याच्या सध्याच्या केंद्रात गेले. सगळं सांगितलं. तो चिमटे डब्यात भरत होता, भरतच राहिला. मी म्हटलं, "तुम्ही किती चांगले आहात, हे मी सभेत सगळ्यांना सांगते." तसा भडकला.

"चांगला आहे म्हणून नका सांगू! मी कुचकामी असतो, खडूस असतो, तर? गर्दी होईल म्हणून नाही म्हणा, गाड्या लावायला जागा नाही म्हणून नाही म्हणा. मी ऐकून घेईन. तुमचा हात कशाला मध्ये आणता? चार महिने खपलोय मी त्या हातावर!"

"चुकले मी. माफीचं पत्र लिहून देते," मी म्हटलं.

"पत्र नको होतं मला, बाई. खोली हवी होती. पायऱ्या नाहीत तिथे. माझे अर्धे पेशंट चाकाच्या खुर्चीवर येतात."

मग त्यानं माझा हात ओढला, बोटं वाकवून पाहिली आणि मधल्या बोटाचा व्यायाम चुकवते म्हणून झापलं. मी जिना उतरेपर्यंत रडले नाही.

येताना फळ्यासमोर थांबले. तुझ्या नोटिशीखाली एक कागद लावलाय: 'वरील नोटिशीतील भगिनी मी आहे. माझ्या भावना तशा नाहीत. मला विचारलं तेव्हा मी भ्याडासारखं उत्तर टाळलं, ती माझी चूक. माझा उल्लेख काढून अर्जाचा पुन्हा विचार व्हावा.' खाली पूर्ण नावानं सही केलीय. तो काढू नकोस. काढलास तर दुसरा लावीन.

अर्ज मंजूर झाला तरी तो येईलच असं नाही. त्याच्या जागी मी असते तर आले नसते.

इस्पितळात एकोणीस दिवस तू मला भरवलंस. ते मी या जन्मात विसरणार नाही. पण त्याच्या बदल्यात ही नोटीस मी सहन करावी, असं तुला वाटत असेल, तर ते जमणार नाही.

या पत्राला उत्तर लिहू नकोस. माझा हात धरायला वरही येऊ नकोस. रविवारी सभा आहे. जे बोललास, ते त्याच माणसांसमोर, तेवढ्याच मोठ्यानं मागे घे. तुझं बोलणं संपेपर्यंत मी वाट बघीन. त्यानंतर मी बोलायला उभी राहीन.

तुझीच,
धाकटी बहीण