चिठ्ठ्यांची घागर

१२ ऑगस्ट २००४, गुरुवार

मला जे लिहायला सांगितलं आहे त्यातली एक गोष्ट खोटी आहे, आणि ती खोटी आहे हे आज जिवंत माणसांत फक्त मला ठाऊक आहे. म्हणून ही वही काढली. दुसरं कारण नाही.

सकाळी चांगदेव आला. माझा विद्यार्थी — सातवीला दोनदा बसलेला! आता पंचायत समितीचा सदस्य आणि स्मृतिग्रंथ समितीचा अध्यक्ष. बदरुद्दीनभाई कागदींना जाऊन तीन ऑक्टोबरला वर्ष होईल. त्या दिवशी जुन्नरला ग्रंथ निघणार आणि त्यातलं चरित्र मी लिहायचं.

"बाई, सभापतींच्या हाताखाली तुमी धा-अकरा वर्सं काढली. तुमच्याबिगर कोन लिहिनार?"

मी हो म्हटलं. का नाही म्हणायचं?

उठता उठता म्हणाला, "घागरीवर एक येगळं प्रकरन पायजे. आन वर ठळक अक्षरात — एकबी चिठ्ठी कधी इकडची तिकडं झाली न्हाई."

पिंपरी पेंढारच्या रस्त्याला त्याची जीप लागेपर्यंत मी दारातच उभी.

१४ ऑगस्ट

पाच पानं झाली. सोपी पानं आधी उरकली.

कागदी — हाताने कागद करणारं घर. त्यांच्या वडिलांच्या वेळीच तो धंदा बसला. बदरुद्दीनभाई उर्दूत शिकले, मराठी लिहायला विशीत शिकले. अक्षर लहान मुलासारखं. आधी सगळा शब्द लिहायचे, मग वरची रेघ उजवीकडून डावीकडे ओढायचे आणि ती डावीकडे बाहेर निघायची. कचेरीतले कारकून हसायचे. ते म्हणायचे, "रेघ पोचली म्हंजे झालं."

१९६७ ला पंचायत समितीचे सभापती झाले. तोवर तालुक्यात रीत अशी होती — ज्याचा कुणी वशिला नाही तो मास्तर पश्चिमेला डोंगरात. तो श्रावणात आजारी पडायचा, शाळेला कुलूप. पूर्वेला, बागायतीत, एका वर्गाला दोन मास्तर! भाईंनी दोन गोष्टी केल्या. छपराला, फळ्याला, घंटेला प्रत्येक शाळेला सारखे पैसे, मग ती बागायती निमगाव सावाची असो की डोंगरातल्या उंबरमाळची. आणि डोंगरात तीन वर्षं कुणी जायचं ते चिठ्ठीने. भर सभेत.

केवढी बोंब झाली! "पूर्वेची कौलं काढून पश्चिमेला घालतो." त्यांच्याच मोहल्ल्यातली माणसं म्हणाली, आधी आपल्या उर्दू शाळेचं बघ. उर्दू शाळेलाही त्यांनी तेवढंच दिलं. एक खिळा जास्त नाही, एक कमी नाही. दोन्हीकडून शिव्या खाल्ल्या.

१५ ऑगस्ट

झेंडावंदनाला बोलावलं होतं. गेले नाही. घागरीचं प्रकरण सुरू केलं. पहिल्या वाक्यातच पेन थांबलं.

१७ ऑगस्ट

आता लिहूनच टाकते.

चिठ्ठ्यांची पद्धत अशी. भाईंच्या घरी वडिलांच्या हातच्या कागदाचे काही ताव उरले होते. सगळ्या चिठ्ठ्या त्याच कागदाच्या, एका मापाच्या, चार घड्या. हाताला कुठलीच वेगळी लागू नये म्हणून. तांब्याच्या घागरीत घालायच्या. ज्याचं नाव निघेल त्यानेच पुढची काढायची. निघालेल्या दोऱ्यात ओवायच्या. उरलेल्या आणि निघालेल्या सगळ्या एका पिशवीत, तोंडाला लाख. कुणी लेखी तक्रार केली तरच लाख फोडायची, आणि ज्याची चिठ्ठी निघाली त्याच्यासमोर.

पहिली सभा जून १९६८. पाळीत एकेचाळीस शिक्षक, शाळा आठ. माझं अक्षर चांगलं म्हणून चिठ्ठ्या मी लिहायच्या. आरती तेव्हा आठ महिन्यांची, अंगावर पिणारी. सासूबाईंनी सांगून ठेवलं होतं — "डोंगरात नाव निघालं तर पोरगी हितं ठेवून जायचं."

मी चाळीस लिहिल्या. माझी लिहिली नाही.

भाईंनी विचारलं, "किती?" मी म्हटलं, एकेचाळीस. "मोजून आनतो," म्हणाले आणि घागर घेऊन आतल्या खोलीत गेले. बऱ्याच वेळाने बाहेर आले. माझ्याकडे बघितलं नाही. सभेला मोठ्याने सांगितलं, "एकेचाळीस. बरोबर."

तो माणूस घरातल्या काडेपेटीतल्या काड्या मोजायचा. त्याची मोजणी चुकली नव्हती. त्याने माझ्यासाठी दीडशे माणसांसमोर खोटं सांगितलं.

उंबरमाळला नाव निघालं निमगावच्या गोजरबाईंचं. विधवा. सहा वर्षांचा मुलगा.

सभा संपल्यावर भाई एवढंच म्हणाले, "फुडच्या सालीबी चिठ्ठ्या तुमीच लिवा, बाई." अकरा वर्षं लिहिल्या. पुढच्या वर्षी माझंही नाव घातलं, निघालं नाही. त्याच्या पुढच्या वर्षी मला समितीच्या शिक्षण विभागात घेतलं. पाळी सुटली ती सुटलीच.

यावर ते कधी बोलले नाहीत. मीही नाही.

२२ ऑगस्ट, रविवार

जुन्नरला, भाईंच्या घरी, झुबेदाभाभींकडे. एसटीने दोन तास — नारायणगावला टोमॅटोच्या गाड्या, बस हलेना.

भाभी ऐंशीला आल्या. डोळ्याला कमी, तोंडाला नाही. "या बाई! वर्सात येक डाव आठवन व्हते काय? तुमचं भाई गेलं तर आमी बी मेलो?"

घागर दाखवली. त्यात आता तांदूळ! अकरा पिशव्या मात्र ट्रंकेत, फडक्यात बांधलेल्या, लाखेसकट. १९७९ ला भाई निवडणुकीत पडले. नव्या सभापतीने पहिल्या महिन्यात चिठ्ठ्या बंद केल्या आणि पिशव्या जाळायला काढल्या. भाईंनी रिक्षात घालून घरी आणल्या.

"म्या म्हनलं, हे कागुद चुलीला तरी घालू द्या. तर म्हनाले, कुनीतरी इचारायला येईल. पंचवीस सालं झाली. कोन आलं न्हाई." मग हसल्या. "तुमी आला. पर तुम्हास्नी काय इचारायचंय? तुमीच तर लिवल्यात."

१९६८ ची पिशवी हातात घेतली. चिंचोक्यांच्या पिशवीएवढं वजन नाही. परत ठेवली.

२३ ऑगस्ट

आरतीचा पुण्याहून फोन. "आई, आवाज असा का?" म्हटलं, सर्दी.

२९ ऑगस्ट, रविवार

निमगाव सावा. गोजरबाईंकडे मुलाखतीसाठी — असं स्वतःला सांगून गेले.

तीन वर्षांसाठी गेलेल्या, अठ्ठावीस राहिल्या. उंबरमाळच्या पोरांतले दोघे आज मास्तर आहेत, एक नर्स. पाऊस आला की भिंतीला पाठ लावून शिकवायचं, कारण मधोमध गळायचं. सगळं हसत सांगत होत्या.

"माझी चिठ्ठी हौशीराम मास्तरांनी काढली. अजून बाजारात दिसलं की बिचारं दुसऱ्या गल्लीत शिरतंय! म्या हाक मारते — अवो, तुमचा काय दोष, घागरीनं दिलं!"

"राग नाही आला?" मी विचारलं.

"कुनावर? सगळ्यांची नावं व्हती आत. वशिल्यानं धाडलं असतं तर म्या पायरीवर बसून रडले असते. घागरीतनं आलं म्हून गुमान गेले."

तेवढ्यात त्यांचा मुलगा आला, भिमाजी. बेचाळीस वर्षांचा, उसाला पाणी सोडून आलेला. बिबट्याच्या भीतीने आता दिवसाच पाणी देतात. ओट्यावरून ओरडला, "आत्या, पावण्यांना च्या ठेवला का?"

गोजरबाई आत उठून गेल्या. सून हळूच म्हणाली, "मामाकडं वाढलं नव्हं. मामाची पोरं आत्या म्हनायची, ह्यांनी बी तेच उचललं. मग ऱ्हायलं ते ऱ्हायलं."

चहा घेतला नाही. एसटी चुकेल म्हटलं. एसटीला तास होता.

३० ऑगस्ट

"सगळ्यांची नावं व्हती आत."

५ सप्टेंबर, रविवार

शिक्षकदिन. नारळ-शाल घेऊन चांगदेव आला. शाल बाजूला ठेवून त्याला सगळं सांगितलं. उभ्याने, एका दमात.

आधी हसला. मग दार लोटून घेतलं.

"बाई, तुमाला कळतंय का, आपन ह्ये पुस्तक कशापायी काढतोय? फुडच्या मयन्यात समितीत ठराव आनतोय. बदल्या परत चिठ्ठीनं. समद्यांचा इरोध हाय. माझ्याकडं दाखवायला ती घागर सोडून हाय काय? आन तुमी म्हनता पैल्याच साली घागर खोटी!"

"खोटी होती."

"चाळीसात खरी व्हती की! येक चिठ्ठी. तीबी तानं पोर व्हतं म्हनून. छत्तीस वर्सांनी कोन इचारतंय?"

म्हटलं, मी विचारते. आणि त्याला अर्ज दिला. रात्रीच लिहून ठेवला होता. जून १९६८ च्या चिठ्ठ्यांबाबत लेखी तक्रार, नियमाप्रमाणे लाख फोडून मोजणी व्हावी. तक्रार कुणाविरुद्ध — माझ्याविरुद्ध.

त्याने दोनदा वाचला. "सही करू नगा, बाई." सही आधीच केलेली होती.

जाताना म्हणाला, "भाई गेलं. त्यांचं नाव तुमी खाली आनताय, तुमचं न्हाई."

तिथे तो बरोबर होता. माझं नाव कुणाला माहीत आहे?

६ सप्टेंबर

आरतीला फोन करून सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे माझ्यामुळे?" म्हटलं, तुझ्यामुळे नाही, माझ्यामुळे. तू आठ महिन्यांची होतीस, तुला कुणी विचारलं होतं?

९ सप्टेंबर

अर्ज मागे घ्यावा का? दिवसभर हाच घोळ. पालेभाजी निवडली, काड्या पातेल्यात आणि पानं केरात! भाईंची बाजू कोण मांडणार? त्यांनी एकदाच खोटं सांगितलं, तेही एका तान्ह्या पोरीसाठी. आणि मी त्यांच्या मरणानंतर चावडीवर ते वाचून दाखवणार.

पण प्रकरणाचा मथळा माझ्या हाताने लिहिला जाणार नाही. गोजरबाई वाचतील.

१२ सप्टेंबर, रविवार

निमगाव सावा. चिठ्ठी ज्याची निघाली त्याच्यासमोरच लाख फोडायची, म्हणजे गोजरबाईंना सांगणं भागच होतं. नियम नसता तर मी टाळलं असतं का? टाळलं असतं.

त्या शेंगा फोडत होत्या. मी सांगत होते. हात थांबले नाहीत. सगळं सांगून झाल्यावर सूप बाजूला सारलं.

"तुमची आरती आता केवढी?"

"छत्तीस."

"तुमाला आई म्हनती ना?"

मी खाली पडलेली टरफलं गोळा करू लागले.

शेजारी कुणीतरी पंप सुरू केला, बंद केला. मग म्हणाल्या, "म्या घागरीला कधी नावं ठेवली न्हाईत. तेवढ्यावर निघाले ते दिस. आता तेबी तुमी घेऊन चालला, औटीबाई." पुन्हा सूप ओढलं. "कधी फोडायची लाख?"

"पुढच्या रविवारी. तुम्ही नाही आलात तरी—"

"यीन की. माझ्या हातानं फोडीन. चाळीस निघू द्या, मग बघते तुमाला."

१५ सप्टेंबर

चांगदेवचा फोन. तोही येणार. चरित्र तयार ठेवा म्हणतो. "घागरीचं प्रकरन त्या दिवशी ठरवू." आवाज पडलेला. ठराव बहुतेक मागे घेईल.

चरित्र पुरं केलं. घागरीचं पान कोरं ठेवलं आहे. चाळीस निघाल्या की त्यावर घडलं तसं लिहीन, माझ्या आणि भाईंच्या नावानिशी.

१८ सप्टेंबर

उद्या. झोप नाही. भाभींना काहीच सांगितलेलं नाही. नवऱ्याने खोटं सांगितलं हे त्यांच्याच घरात, त्यांच्याच ट्रंकेतून काढून दाखवायचं!

१९ सप्टेंबर २००४, रविवार

जुन्नर, झुबेदाभाभींचं घर, दुपार. हजर — भाभी, गोजरबाई, चांगदेव, मी. लाख गोजरबाईंनी फोडली. मोजणी त्यांनीच केली. तीनदा.

चांगदेवच्या ताब्यात पोच घेऊन दिलं ते असं —

तांब्याची घागर, तांदूळ काढून, एक.

चिठ्ठ्यांच्या पिशव्या अकरा. पैकी दहा लाखबंद.

चरित्र, हस्तलिखित. घागरीचं पान कोरंच.

माझा तक्रारअर्ज, एक.

जून १९६८ ची पिशवी, उघडलेली. आत चिठ्ठ्या एकेचाळीस. दोऱ्यात ओवलेल्या आठ. घडी न मोडलेल्या तेहेतीस. त्यांतल्या बत्तीस माझ्या अक्षरात.

उरलेली एक, माझ्या नावाची. अक्षर लहान मुलासारखं. रेघ उजवीकडून ओढलेली, डावीकडे बाहेर निघालेली.