वीसपैकी सात

गारखेडा, छत्रपती संभाजीनगर
रविवार

तीर्थस्वरूप उमाताईस,
धाकट्या लक्ष्मणाचा, मान शक्य तितकी लववून नमस्कार.

तुझा गुडघा बरा असावा. (दोन वर्षे तू माझा फोन घेत नाहीस, तेव्हा उजवा की डावा, हे ठाऊक नाही.) माझी प्रकृती उत्तम, चित्त मात्र ठिकाणावर नाही. दिवाळी अंकाला उद्यापर्यंत कथा द्यायची आहे आणि सकाळपासून मी टेबल व नळ यांच्यामध्ये येरझाऱ्या घालतो आहे. दोन्हीकडे थेंब नाही.

बत्तीस वर्षे मी कथानकाची रचना शिकवली. त्यामुळे भिंतीवर नाट्यशास्त्रातल्या पाच संधींचा रीतसर तक्ता लावला : मुख, प्रतिमुख, गर्भ, विमर्श, निर्वहण. नायक दौलताबादचा, पहिल्याच पानावर घर सोडून शेंद्र्याच्या कारखान्यात जातो, तीन संकटे झेलतो, परततो. (संकटे चढत्या क्रमाने आहेत, दोनदा तपासली.) आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या सरूबाई दौलताबादच्याच, म्हणून केवळ स्थानिक तपशिलांपुरती त्यांना कथा वाचून दाखवली. कणीक मळता मळता त्यांनी विचारले, "सर, ह्यो घर सोडून चाललाय काहून? भांडन नाय, तंटा नाय. तक्त्यावर लिवलंय म्हनून व्हय?"

मी त्यांना विमर्शसंधी समजावून सांगितला. त्या म्हणाल्या, "बरं." (इतके कठोर परीक्षण माझ्या प्रबंधाचेही झाले नव्हते.)

मग सदोष कथानक कसे असते ते दाखवावे म्हणून चिडून तुझी कथा काढली. तीच, जी तू विश्वासाने पाठवलीस आणि मी लाल शाईत "संघर्ष कुठे आहे? वीसपैकी सात" असा शेरा मारून परत केली. त्याच कथेची झेरॉक्स. तुझी मालन रोज पिशवी घेऊन एसटी स्टँडवर बसते आणि संध्याकाळी उठून घरी जाते. रचनेच्या नावाने शून्य. पण सरूबाईंची कणीक परातीत सुकली. सहाव्या पानाच्या शेवटी मालन बसच्या पायरीवर पाय ठेवते, तेव्हा त्या ओरडल्या, "अगं बाई! गेली का मंग?"

मला सांगता आले नाही. तीन दिवस त्या आल्या की चपला काढण्याआधी हेच विचारतात; आणि मीही, ताई, त्या पायरीपाशीच घुटमळतो आहे. एवढेच कळवायचे होते. मागणे काही नाही.

तुझा,
लक्ष्मण

ता. क. : झेरॉक्स कशी, असे तू विचारशीलच. कथालेखनाच्या वर्गात "टाळावयाच्या चुका" म्हणून मी ती वाटली होती. (नाव झाकले होते.) सहाच पानांची काढली, कारण सातवे मी वाचलेच नव्हते. गुण मात्र पूर्ण कथेला दिले.

ता. क. २ : सातवे पान टपालाने पाठवू नकोस, स्वतः घेऊन ये. सोबत लाल पेन आण, माझी कथा तपासायची आहे. आणि कोणता गुडघा, तेवढे आधी कळव. स्टँडवर बसच्या पायरीशी मी त्या बाजूला उभा राहीन.