अठ्ठेचाळिसांत सत्तेचाळिसावं

ती. ताईस,

धाकट्याचा नमस्कार. तुझं सात पानी पत्र मिळालं. गुडघ्याचं दुखणं उजवीकडून डावीकडे गेलं हे वाचून वाईट वाटलं, पण उजवा मोकळा झाला याचं समाधानही वाटलं. भाच्याच्या घरात दिवसभर प्रत्येकाच्या कानात काही ना काही खुपसलेलं असतं, त्यामुळे तुला एकच गोष्ट तीनदा सांगावी लागते, असं तू लिहिलंस. (तू पूर्वीही एकच गोष्ट तीनदा सांगायचीस आणि तेव्हा कोणाच्या कानात काही नव्हतं, पण ते असो.) माझी तब्येत ठीक आहे. वजन उतरलं होतं, त्यातलं निम्मं परत आलं. ही गेल्याला परवा अकरा महिने झाले.

उत्तराला उशीर झाला, कारण मी एका खटल्यात अडकलो होतो. या माणसाने उरलेलं आयुष्य कुठे काढावं, असा तो खटला. निकाल परवा लागला आणि तुझा भाऊ जिंकला. लहानपणी मला सगळे घुम्या म्हणायचे, तू तर अजून म्हणतेस. तर तो घुम्या चार शिकलेल्या, बोलक्या माणसांना कागदावर पुरून उरला. हे वाक्य लिहिताना मला थोडी लाज वाटते आहे, पण खोडत नाही.

सुरुवात केली जावईबापूंनी. ते विमा कंपनीत आहेत. कोणाचं काय कधी बिघडेल हे आधीच काढून ठेवायचं, हा त्यांचा व्यवसाय. मुलगा, सून, मुलगी आणि ते अशी चौघांची बैठक आमच्या पुढच्या खोलीत भरली. मी आत जाऊन चहा करून आणेपर्यंत मी इथे एकट्याने राहू नये हे ठरलं होतं, आणि कप रिकामे होईपर्यंत घर भाड्याने द्यायला दलालसुद्धा ठरला. कोणाकडे जायचं तेवढं उरलं होतं. मुलगा म्हणाला माझ्याकडे, मुलगी म्हणाली माझ्याकडे. (दोघंही मनापासून म्हणाली. त्यांच्यावर माझा राग नाही, हे तू भाच्यालाही सांग, नाहीतर गोष्ट फिरत फिरत भलतीच होते.) तेव्हा जावई म्हणाले, "भावनेत वाहून जायला नको. तक्ता करू." एका साप्ताहिकात दरवर्षी अठ्ठेचाळीस शहरांची राहणीमानाप्रमाणे क्रमवारी छापून येते. ती त्यांनी खिशातून काढली. मुलाचं शहर नववं, मुलीचं समुद्राकाठचं तिसरं आणि आपलं गाव सत्तेचाळिसावं. मी विचारलं, अठ्ठेचाळिसावं कोण? जावई म्हणाले, "त्यांनी माहितीच पाठवली नाही."

हवा, पाणी, दवाखाने, शांतता, सुरक्षितता असे चौदा रकाने, प्रत्येकाला दहा गुण. मुलाच्या शहराला एकशे आठ मिळाले, मुलीच्या शहराला एकशे अकरा आणि आपल्याला चौऱ्याहत्तर. मी बोलत नाही हे त्या मुलांना जन्मापासून ठाऊक आहे, तरी त्या दिवशी माझ्या गप्प बसण्याची नोंद होकारात झाली. दोन्हीकडे पंधरा पंधरा दिवस राहून बघायचं, मग जिथे बरं वाटेल तिथे कायमचं जायचं आणि एक तारखेला इथली किल्ली दलालाकडे द्यायची, असं ठरलं. मला जायचं नव्हतं. कारण सांगता आलं असतं तर सांगितलं असतं. तुला सांगतो. दुसऱ्या कुठल्याही घरात सकाळी उठलो की ही कुठे आहे ते मला पहिल्यापासून शोधावं लागतं. इथे निदान ती कुठे कुठे नाही ते पाठ झालं आहे. याला चौदापैकी कुठल्या रकान्यात घालणार?

आधी मुलाकडे गेलो. सून फार चांगली आहे. तिने माझ्या मनगटावर पावलं मोजणारं घड्याळ बांधलं, आणि मी नुसता बसलो की ते मनगटाला गुदगुल्या करायचं. सुरक्षिततेला त्या शहराला दहापैकी दहा आहेत, आणि ते खरंच आहे. मी स्वतःच आत जाऊ शकत नव्हतो. दाराशी बोट टेकवायचं यंत्र आहे. एकतीस वर्षं कागद उलटून माझ्या बोटांवरच्या रेघा पुसल्या गेल्या आहेत, त्यामुळे यंत्राच्या हिशेबी मी कोणीच नव्हतो. पहारेकरी रोज विचारायचा, "कोणाकडे?" मी रोज सांगायचो, मुलाकडे. दहाव्या दिवशी मी म्हटलं, "अहो, कालच सांगितलं की." तो म्हणाला, "आजोबा, काल माझी सुट्टी होती. तो माझा भाऊ." दोघे जुळे आहेत, ताई. पंधरा दिवसांत त्या इमारतीत माझ्याशी जे बोलले ते हे दोघंच. शांततेलाही तिथे दहापैकी दहा. दवाखाना चार मिनिटांवर आहे असं तक्त्यात होतं. मी घड्याळ लावून मुलाबरोबर जाऊन आलो. चार मिनिटंच लागली. मग गाडी लावायला जागा शोधण्यात सव्वीस मिनिटं गेली. मला काही झालेलं नव्हतं म्हणून बरं.

मग मुलीकडे गेलो. तिथली हवा खरोखरच उत्तम, त्यात मी खोट काढणार नाही. तिसऱ्या दिवशी समुद्रावरच्या रस्त्याने फिरायला गेलो, तर एका लांब बाकावर माझ्याच वयाचे पाचजण बसले होते. त्यांतल्या कडेच्याने सरकून जागा दिली आणि विचारलं, "किती झाले?"

मी म्हणालो, चौसष्ट.

"वय नाही हो. इथे येऊन दिवस किती झाले?"

"तीन."

"मुलगा की मुलगी?"

"मुलगी."

"पंधरा दिवसांची चाचणी ना?" तो बाकीच्यांकडे वळला. "घ्या, अजून एक उमेदवार."

अख्खा बाक चाचणीवर आलेला होता. प्रत्येकाच्या मुलांनी आपापला तक्ता केला होता. विचारणारा गृहस्थ दातांचा डॉक्टर होता. त्याला चार मुलं. तीन वर्षं तो चौघांकडे फिरतीवर आहे. मी विचारलं, मग निकाल कधी? तो म्हणाला, "निकाल हवाय कोणाला? उमेदवाराला सगळे गोड बोलतात. एकदा नेमणूक झाली की भाजी आणायला पाठवतील." त्याच्या शेजारचे मुख्याध्यापक होते. ते म्हणाले, "माझ्या सुनेने इथल्या हवेला साडेनऊ दिलेत. मी म्हटलं, उरलेला अर्धा कुठे गेला? म्हणाली, तुमची विडी." बारा दिवस मी त्या बाकावर बसलो आणि खूप बरं वाटलं, हे कबूल करतो. पण तिथले सगळे कुठून तरी उपटून आणलेले होते. दर चार दिवसांनी एकाची मुदत संपायची आणि त्याच्या जागी दुसरा यायचा. सहाजणांची बसायची सोय होती, राहायची एकाचीही नव्हती.

निघायच्या आदल्या दिवशी मी त्या डॉक्टरला आपल्या गावाचा क्रमांक सांगितला. (इतके दिवस लाजेने लपवला होता.) तो म्हणाला, "सत्तेचाळिसावं? असं तिथे काय आहे?" मी म्हटलं, काहीच नाही. साधं गाव आहे. तो म्हणाला, "मग वरवर बघू नका. मुळाशी जा. आकडे दिले कोणी?"

हे मला सुचायला हवं होतं, ताई. नगरपालिकेच्या आकडेवारी विभागात माझी हयात गेली. परत आलो तो तडक जुन्या कचेरीत गेलो. माझ्या हाताखाली होत्या त्या बाई आता मुख्य लिपिक आहेत. साप्ताहिकाला कोणती माहिती जाते म्हणून विचारलं, तर त्यांनी फाइल काढली आणि माझ्यापुढे ठेवली. प्रपत्र सहा वर्षांपूर्वीचं होतं, मी निवृत्त झालो त्या आठवड्यातलं. अक्षर माझं आणि खाली सहीही माझी.

काय झालं होतं ते सांगतो. प्रपत्रात विचारलं होतं, आज रोजी उपलब्ध किती. त्या दिवशी नगरपालिकेचा डॉक्टर भाचीच्या लग्नाला गेला होता, म्हणून मी लिहिलं शून्य. वाचनालयाला रंग चालू होता, म्हणून बंद, शून्य. अकराच्या अकरा बस वार्षिक तपासणीसाठी उभ्या होत्या, शून्य. सार्वजनिक बाक "क्रमांक घातलेले" मोजायचे होते, आणि क्रमांक घालणारा रंगारी आजारी पडला होता. म्हणजे तिथेही शून्य. मी एकही अक्षर खोटं लिहिलं नव्हतं. त्या संध्याकाळी घरी येऊन हिला अभिमानाने सांगितलं, तर ही म्हणाली होती, "एक दिवस थांबून भरलं असतं, तर गाव सापडलं असतं." तेव्हा मी ते मनावर घेतलं नाही. मी बाईंना विचारलं, सहा वर्षांत नवीन प्रपत्र का नाही भरलं? त्या म्हणाल्या, "साहेब, तुमची सही बघून कोणी हात लावायला धजलं नाही. दरवर्षी त्याचीच नक्कल पाठवतो." एका माणसाच्या काटेकोरपणाने अख्खं गाव सहा वर्षं तळाशी बसलं होतं, आणि आता त्याच आकड्यांवर त्या माणसाला गावाबाहेर काढत होते.

मग मी कामाला लागलो. शुद्धिपत्र भरायचं तर मोजणी प्रत्यक्ष करायला हवी. गावात दोनशे बारा बाक आहेत. "वापरण्यायोग्य" अशी अट होती, म्हणून मी प्रत्येकावर बसून पाहिलं. चार दिवस लागले. (सुनेचं घड्याळ अजून मनगटावर होतं, त्याचा गोंधळ उडाला.) नऊ मोडके निघाले. डॉक्टर आता तीन आहेत, तिघांना समोर उभं करून मोजलं. वाचनालय रोज उघडतं, आणि बस बारा झाल्या आहेत. पाचव्या दिवशी बाईंनी शिक्का मारला. इतका गोल, स्वच्छ शिक्का मी नोकरीत असतानाही पाहिला नव्हता.

परवा पुन्हा बैठक भरली. मी शुद्धिपत्र टेबलावर ठेवलं आणि चहा करायला गेलो. या वेळी मुद्दाम हळू केला. परत आलो तेव्हा जावई बेरीज करत होते. बाकांना आठ, वाचनालयाला नऊ, डॉक्टरांना नऊ, बसना दहा. चौऱ्याहत्तरचे एकशे दहा झाले. मुलाचं शहर मागे पडलं. मुलीचं एकशे अकरा. जावई म्हणाले, "एका गुणाने गेलं हो, बाबा." त्यांना खरंच वाईट वाटलं असावं, कारण त्यांनी बिस्किट घेतलं नाही. तेवढ्यात मुलीच्या डोळ्यांत पाणी आलं. ती म्हणाली, "गुण राहू देत. बाबा, इथे दिवसभर तुमच्याशी बोलणार कोण?" जावयांनी लगेच पंधरावा रकाना आखला आणि वर लिहिलं, सोबत. दोन्ही मुलं आणि त्यांची माणसं संध्याकाळपर्यंत नोकरीवर असतात, म्हणून त्यांनी आपण होऊन पाच पाच घेतले. मग जावयांनी पेन उचलून माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, नऊ.

"नऊ?"

"नऊ. सोय झाली आहे."

जन्मात मी खोटी माहिती दिलेली नाही हे घरात सगळ्यांना माहीत आहे, त्यामुळे पुढे कोणी विचारलं नाही. मुलगा एकशे तेरा, मुलगी एकशे सोळा, आपण एकशे एकोणीस. जावयांनी बेरीज तीनदा केली, मग उठून माझा हात हातात घेतला. दलालाला तिथूनच फोन गेला. मुलगा जाताना म्हणाला, "बाबा, तुम्ही इतकं भांडू शकता हे आईला माहीत होतं का?" मी म्हटलं, तिला सगळं माहीत होतं. मी जिंकलो, ताई. घर राहिलं, गाव वर आलं, आणि हे सगळं आवाज न चढवता झालं.

भाच्याला आणि त्याच्या मंडळींना आशीर्वाद. डाव्या गुडघ्याला जप.

तुझा,
घुम्या

ता.क. पंधराव्या रकान्यात मी काय भरलं ते सांगायचं राहिलं. शेऱ्यात लिहिलं आहे, "कायम मुक्कामी व्यक्ती : एक. नातं : थोरली बहीण." तुला विचारलेलं नाही हे मला माहीत आहे. विचारायला चारदा कागद घेऊन बसलो, पण नमस्काराच्या पुढे सरकलो नाही. दहा देणार होतो, पण तुझं घोरणं आठवलं.

ता.क. २. मुलगी आणि जावई पंधरा तारखेला प्रत्यक्ष पाहणीला येणार आहेत. एकतीस वर्षांत माझ्या हातून एक खोटी नोंद झाली ती हीच, आणि ती खरी करणं आता माझ्या हातात नाही. तू चौदाला पोचलीस तरी चालेल. घराला एकही पायरी नाही, बोट टेकवायचं यंत्र नाही, आणि माझ्या कानात कधीच काही नसतं. तू दिवसभर बोललीस तरी चालेल. खरं सांगायचं तर तू बोलावंस, यासाठीच हे सगळं केलं.

ता.क. ३. हिचं कपाट मी अकरा महिने उघडलं नव्हतं. आज उघडलं. वरचे दोन कप्पे तुझ्यासाठी रिकामे केले आहेत. तिसरा मला जमला नाही. तो तू आल्यावर काढू. तू बोलत राहा, मी घड्या घालेन.