तीनशे चाळीस ग्रॅम मोहरी

प्रिय ताई,

फोनवर सांगता आलं असतं, पण फोनवर तू मला मधेच तोडतेस आणि मी तुला. म्हणून हे पत्र. चष्मा लाव, खुर्चीत बस आणि शेवटपर्यंत वाच. मधेच रागावून टाकून दिलंस, तर मी तिकडे येऊन शेजारपाजारच्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने वाचून दाखवीन.

पहिली बातमी म्हणजे माझं ठरलं. डावा स्तन काढल्याला परवा आठ महिने झाले आणि आता मी तो परत करून घेणार आहे. हो, एकोणसाठाव्या वर्षी. डॉक्टरीणबाईंनी सगळ्या वाटा नीट कागदावर काढून दाखवल्या. एक सिलिकॉनची पिशवी बसवायची, पण ती काही जन्माची सोबतीण नव्हे, पुढेमागे बदलावी लागू शकते. दुसरी, पाठीचा स्नायू पुढे आणायचा. आता मला दिवसभर गाडी शिकवताना वळून वळून मागे बघावं लागतं, ती पाठ मी कुणाला देणार नाही. तिसरी वाट पोटाची. पोटावरची चरबी आणि कातडी घेऊन त्यातून स्तन घडवतात. ऑपरेशन लांबलचक, आणि नंतर दोनेक महिने स्टिअरिंगला हात लावायचा नाही. मी म्हटलं, पोटच घ्या. सव्वीस वर्षं शिकाऊ लोकांच्या शेजारी बसून बसून कमावलंय, एकदा तरी कामाला येऊ दे. शिवाय काहीच न करता सपाट राहायचीही वाट होती. माझ्या पलीकडच्या खाटेवरच्या टपालवालीने ती घेतली आणि मजेत शर्ट घालून पत्रं वाटत हिंडते. मला तिचं फार कौतुक वाटतं. पण मला तसं नकोय, मला माझा स्तन हवाय.

घरात अर्थातच गदारोळ झाला. लेक म्हणाला, "आई, या वयात कशाला? कोण बघणार आहे?" मी म्हटलं, मी बघणार आहे, रोज, आंघोळीच्या वेळी, आणि मी तुझी परवानगी मागितलेली नाही. सून ओट्याशी पाठमोरी उभी होती. तिचे खांदे हसण्याने हलताना दिसले, तेव्हा घरात एक मत तरी आपल्या बाजूने आहे हे कळलं.

ताई, तुला तुझी ती मोहरीची पिशवी आठवते? नाही कशी आठवणार म्हणा. एकोणीस वर्षं वागवते आहेस. तुझा स्तन काढल्यानंतर तू शाळेच्या प्रयोगशाळेत परत रुजू झालीस आणि पहिल्या आठवड्यातच तिथल्या तराजूवर मोहरी तोलून ब्लाउजच्या रिकाम्या बाजूला ठेवायला सुती कापडात शिवलीस. तीनशे चाळीस ग्रॅम. तीनशेची केली तर ती बाजू वर चढते आणि चारशेची केली तर खांदा ओढतो, असं तू मला गंभीर चेहऱ्याने समजावलं होतंस. मग एकदा तू पावसात चिंब भिजून आलीस, ओली पिशवी न्हाणीघराच्या खिडकीत टाकलीस आणि विसरलीस. चौथ्या दिवशी तिला हिरवे कोंब फुटले. तू ती हातात धरून मला म्हणालीस, "बघ, माझ्यात अजून काहीतरी उगवतंय!" आपण दोघी फरशीवर बसून पोट दुखेपर्यंत हसलो होतो. मी ते हसू खरं धरलं. तू पोहायला जाणं सोडलंस, कान दुखतो म्हणालीस, तेही मी खरं धरलं. फोटोत तू कायम मागच्या रांगेत जायला लागलीस, त्याचा तर मी विचारसुद्धा केला नाही. मला लाज वाटते ताई, पण नाही केला.

आता मूळ गोष्टीवर येते. गेल्या बुधवारी तपासणीच्या खोलीत डॉक्टरीणबाईंनी मला विचारलं, "तुमचं काय म्हणणं आहे?" मी तोंड उघडायच्या आत तुझे मेहुणे म्हणाले, "काही नको हो डॉक्टर, जीव वाचला तेच पुष्कळ." माझ्या डोक्यात तिडीक गेली. म्हटलं, तुम्ही बाहेर बसा. बिचारे मुकाट्याने उठून गेले, छत्रीसुद्धा विसरले. पण दार लागलं आणि मला आठवलं. ते वाक्य त्यांचं नव्हतंच, माझं होतं.

तुला घरी सोडायच्या आदल्या दिवशी तुला ड्रेसिंगला नेलं होतं. तेवढ्यात तुझे डॉक्टर आले आणि व्हरांड्यात भाऊजींना आणि मला म्हणाले, पुढचे उपचार संपले की स्तन परत तयार करता येतो, त्यांना विचारून ठेवा. भाऊजी माझ्याकडे बघायला लागले आणि मी म्हटलं, "नको डॉक्टर, जीव वाचला तेच पुष्कळ." झालं. तुला कुणी विचारलंच नाही. वर्षभराने तू एकदा सहज विचारल्यासारखं विचारलंस, "असं परत करतात का गं?" आणि मी म्हटलं, छे, ते सिनेमातल्या बायकांचं. आमच्या गाडीत माझ्या पायाशीही एक ब्रेक असतो. शिकणारा चुकायच्या आत मी तो दाबते. तुझ्या बाबतीत तू गाडी सुरू करायच्या आधीच मी तो दाबला, आणि वर तुला सांगितलं की रस्ताच नाही. तुला पुन्हा ऑपरेशन, पुन्हा भूल, या भीतीने माझी पाचावर धारण बसली होती. पण भीती माझी होती आणि शरीर तुझं. रागाव. हवं तेवढं रागाव, मी ऐकून घेईन.

त्या दिवशी मेहुण्यांना बाहेर काढल्यावर मी माझं पोट सोडून आधी तुझंच विचारलं. एकोणीस वर्षांनी होतं का? डॉक्टरीणबाई म्हणाल्या, वर्षं किती झाली त्याने अडत नाही, तपासून बघावं लागेल. म्हणून येत्या मंगळवारी सकाळी साडेदहाला मी तुझं नाव घातलंय. न विचारता घातलंय, खोड जात नाही माझी. गाडी घेऊन नऊला दाराशी येते. तू आत जाशील तेव्हा मी बाहेर बाकावर बसेन, मेहुण्यांची तिथे राहिलेली छत्री मांडीवर घेऊन. डॉक्टरीणबाई तुला विचारतील, तुमचं काय म्हणणं आहे. तू हो म्हण, नको म्हण, मोहरीच बरी म्हण. पण या खेपेला तू म्हण.

तुझीच,
आगाऊ धाकटी